तांब्यातला सुभेदार

१

"आक्का, पळा वो! आप्पा पडल्यात... रगात बघा किती!"

मनुबाईची हाक ऐकली आणि नागुबाई हातातली मेथीची जुडी तशीच टाकून समोरच्या घरात धावली. बेळगावच्या खासबागेतल्या त्या अरुंद गल्लीत दोन्ही घरांची दारं समोरासमोर होती. पोलीस इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर नागुबाई घाडगे तिथं राहायला आली, तेव्हापासून सकाळी कट्ट्यावर बसून सत्याप्पा कोलकारांशी दोन शब्द बोलल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे.

सत्याप्पा आतल्या दाराच्या दगडी उंबऱ्याशी उताणे पडले होते. डोक्याखालचं रक्त काळपटून गेलं होतं. नागुबाईनं मानेला बोटं लावली. अंग गार पडायला लागलं होतं. बाहेर उन्हं कलली होती. मनुबाई शेजारधर्म म्हणून रोज संध्याकाळी पितळीतून भाकरी आणून दारातच द्यायची, ती पितळी तिथंच पडली होती.

"कशाला हात लावू नगंस," नागुबाई म्हणाली आणि भिंतीला पाठ लावून तिनं खोलीभर नजर फिरवली. खात्यातून बाहेर पडली तरी डोळे काही निवृत्त झाले नव्हते.

बाहेरच्या दाराआडच्या भिंतीत, डोक्याच्याही वर, एक मोठा खिळा. त्याच्या बरोबर खाली लाकडी स्टूल. कोपऱ्यात लोखंडी पेटी, तिच्यावर घडी केलेलं फडकं आणि एक हातआरसा. बाकी सगळं जागच्या जागी. खिळा तेवढा मोकळा होता.

मनुबाईचंही लक्ष तिकडंच गेलं. तिनं तोंडावर पदर घेतला.

"आक्का... सुभेदार गेला की वो!"

सुभेदार म्हणजे तांब्याच्या जाड पत्र्यावर कोरलेली एका शिपायाची तसबीर. उंच टोपी, खांद्याला बंदूक, छातीवर पदक. कंपनी सरकारच्या काळात कुणा साहेबानं आपल्या पलटणीतल्या शूर सुभेदाराचं चित्र काढवलं, ते छापण्यासाठी पत्र्यावर कोरवून घेतलं आणि विलायतेला जाताना तो पत्रा त्या सुभेदारालाच भेट दिला. तो सुभेदार सत्याप्पांचा पूर्वज. पिढ्यान्‌पिढ्या त्या घरानं पोटच्या पोरासारखा तो पत्रा जपला होता. येत्या रविवारी निपाणीला, त्यांच्या मूळ गावी, मोठा कार्यक्रम ठरला होता. लोकांना पहिल्यांदाच सुभेदाराचं दर्शन होणार होतं आणि सत्याप्पा आपल्या मुलाबाळांसह मंचावर बसणार होते.

"मी बघिटलं आक्का," मनुबाई हलक्या आवाजात म्हणाली. "दुपारी त्यो गुंजीचा ज्योतिबा घाडी ह्याच गल्लीतनं खाली मान घालून चाललंता."

हा सुभेदार कोलकारांचा नव्हे, आमच्या घाडी घराण्याचा, असं ज्योतिबानं पेपरात छापून आणलं होतं. दोन्हीकडची पोरं त्यावरून मोबाइलवर एकमेकांना काय काय बोलली होती, ते सगळ्या बेळगावला माहीत होतं.

आणि नागुबाईचं माहेर गुंजीचंच होतं.

२

सत्याप्पांची मुलगी पारमिता निपाणीच्या कॉलेजात शिकवायची. वडिलांची बातमी कळताच आली आणि रडली नाही. दुसऱ्या दिवशी माती देऊन झाल्यावर ती नागुबाईच्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली.

"आक्का, ज्योतिबा घाडीला पोलिसांनी धरून नेलंय. तो म्हणतो, मी कोलकारांच्या घराची पायरीसुद्धा चढलो नाही. आणि मनूमावशीनं तर त्याला पाहिलंय."

"व्हय. कळलं मला."

"डॉक्टरांनी सांगितलं, आप्पा पडल्या पडल्या गेले नाहीत. बराच वेळ जिवंत होते. कुणी वेळेत दवाखान्यात नेलं असतं तर वाचलेही असते." तिचा आवाज एकदम कोरडा पडला. "ज्यानं ढकललं त्यानं नुसतं ढकललं नाही आक्का. मरायला सोडून गेला."

नागुबाईनं चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. पारमितानं त्याला हात लावला नाही.

"बाहेर पोरं म्हणतात, आक्का गुंजीच्या, त्या आपल्या गावच्या माणसाला वाचवणार. रविवारच्या आत निकाल लागला नाही तर गाड्या भरून गुंजीला जायचं ठरतंय. तिकडंही काठ्या निघाल्यात म्हणे."

"तुला काय वाटतं?"

"मला खरं पाहिजे. कुणाचंही नाव निघू दे."

"कुणाचंबी?" नागुबाईनं तिच्याकडे रोखून पाहिलं.

"कुणाचंही," पारमिता म्हणाली.

फौजदार नागुबाईच्याच हाताखाली तयार झालेला होता. त्याचा हिशेब सरळ होता. ज्योतिबा पत्रा चोरायला आला, स्टुलावर चढून त्यानं तो खिळ्यावरून काढला, तेवढ्यात आप्पा आतून आले, झटापट झाली आणि ते उंबऱ्यावर आपटले. ऐकायला सगळं जुळत होतं. नागुबाईला मात्र जेवण गोड लागेना. पत्र्याचं वेड असलेली आणखी एक व्यक्ती तिला ठाऊक होती.

नीलम टिळकवाडीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. घरी तिचं छापकामाचं लहानसं यंत्र होतं. नागुबाई गेली तेव्हा तिचे डोळे रडून सुजलेले होते.

"मी मागितला होता पत्रा," तिनं सरळच सांगितलं. "संग्रहालयात सुरक्षित राहील म्हटलं. आप्पा म्हणाले, सुभेदार कुणाच्या कपाटात राहणार नाही. मग मी म्हटलं, निदान एक छाप काढू द्या. ती रविवारी मंचावर लावायची होती. हे बघा."

तिनं जाड कागद उलगडला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा तो माणूस नागुबाईकडे बघत होता. गालफडं वर आलेली, डोळ्यांत धाक. रेघ न् रेघ कागदावर उमटून आली होती.

"पत्र्यावर सगळं उलटं कोरलेलं असतं," नीलम म्हणाली. "बंदूक, पदक, खालचं नाव, सगळं. छापल्यावर सुलटं होतं. आप्पा हातआरशात बघून नाव वाचायचे."

"ही छाप हाय हे कुणाला ठावं हुतं?"

"आप्पांना, मला आणि पारमिताला. रविवारपर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं."

ज्या दुपारी आप्पा गेले, त्या दुपारी नीलम शाळेच्या प्रदर्शनात दीडदोनशे पालकांच्या गराड्यात उभी होती. नागुबाई उठली. जाता जाता तिनं विचारलं, "आप्पांचा ल्योक इथंच ऱ्हातो न्हवं?"

"मागच्या रस्त्याला. दातांचे डॉक्टर." नीलम थोडी घुटमळली. "पण तिथं कोलकार म्हणून विचारू नका. कुणी सांगणार नाही."

३

फाटकावरची पाटी चकचकीत होती. डॉ. प्रिय निपाणीकर.

सत्याप्पांच्या मुलानं, बुद्धप्रियनं, नागुबाईला ओळखलं आणि लगबगीनं आत घेतलं. दाढी वाढलेली, आवाज बसलेला. बापाच्या मातीला तो आला होता, पण गर्दीच्या कडेला उभा राहून लवकर निघून गेला, हे तिनं पाहिलं होतं. त्याच्या मुलीनं, करिष्मानं, पाणी आणून दिलं. तिचे डोळे थेट आजोबांचे होते.

"हिचं लग्न ठरलंय," मुलगी आत गेल्यावर तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात. मुलगा खानापूरकडचा, सौरव. बँकेत आहे. आणि मध्येच हे असं."

"त्या लोकांस्नी तुमचं मूळ आडनाव ठावं हाय?"

बुद्धप्रियनं मुलगी गेली त्या दाराकडे एकदा पाहिलं.

"तुमच्यापासून काय लपवायचं? नाही. भाड्यानं जागा मिळेना म्हणून आडनाव बदललं, मग तेच चिकटलं. आप्पांना ते कधी पटलं नाही. दसऱ्याला धम्मचक्र दिनाला गेलो होतो, तेव्हा मोठं भांडण झालं. त्यानंतर मी त्या घरात पाय टाकलेला नाही. पारमिताला विचारा, शेजाऱ्यांना विचारा. शेवटचं बोलणंही धड झालं नाही आक्का, आणि माणूस गेला."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं, नागुबाईला कळत होतं.

"पत्र्याचं काय म्हणता?"

"काय म्हणणार? जन्मापासून त्या खिळ्यावर बघत आलो. दर दिवाळीला आप्पा स्टुलावर चढून तो खाली घ्यायचे, चिंचेनं घासायचे आणि परत लावायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत. घाडीला काय मिळालं हो तो नेऊन?"

"घाडीनंच नेला म्हणता?"

"दुसऱ्या कुणाला हवा होता?"

नागुबाई फाटकाबाहेर आली. रविवारच्या कार्यक्रमाचे फलक निपाणीत चौकाचौकात लागले होते. त्यांवर सत्याप्पांच्या नावाखाली 'चिरंजीव बुद्धप्रिय' असं ठळक अक्षरांत होतं. पेपरात सगळ्या घराचा फोटो येणार होता. म्हणजे पत्रा नाहीसा व्हावा असं वाटायला ह्या माणसाकडेही कारण होतं. पण कारण असणं निराळं आणि हात असणं निराळं. शिवाय तो दसऱ्यापासून आलाच नव्हता, ही गोष्ट खरी होती. समोरच राहणाऱ्या नागुबाईनंही त्याला पाहिलं नव्हतं.

स्टेशनवरून फोन आला. फौजदाराचा आवाज चिंतेत होता.

"मॅडम, घाडीनं जबाब फिरवला. आप्पांच्या घरी गेलो होतो म्हणतो. त्याच दुपारी."

४

ज्योतिबा बाकावर बसला होता. फौजेतून हवालदार होऊन आलेला उंचापुरा गडी दोन दिवसांत वाकून गेला होता.

"खोटं का बोल्लास रं?" नागुबाईनं बसता बसता विचारलं.

"भावकीला कळंल म्हणून."

"काय कळंल?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मी आप्पाकडं एकदा न्हाय, लई येळा गेलतो आक्का, दुपारी गल्ली निजल्यावर. दिवाळी झाल्यावर पैल्यांदा गेलतो त्ये भांडायलाच. आप्पा म्हणला, आदी बघ तरी, मग भांड. पत्रा तितं पेटीवर भितीला टेकवून ठेवलंता. मी म्होरं उकिडवा बसलो. बघतो तर शिपाई डावखुरा, पदक उजव्या अंगाला! म्हटलं, ही कसली तऱ्हा? आप्पा हसला आणि हातात आरसा दिला."

"मग?"

"आरशात नाव लावलं. इंग्रजी अक्षरं येत्यात मला, फौजेत शिकलोय. सुभेदार भिकनाक." त्यानं मान हलवली. "नाक म्हटल्यावर राह्यलं काय? त्या काळात म्हार शिपायांच्या नावाला नाक लागायचं. आमच्या घाडी भावकीत कुणाच्या नावाला नाक न्हाय. आज्जा-पंज्यापास्नं आमचा आमचा म्हणत आलो, आणि त्यो आमचा न्हवताच."

"आप्पाला म्हणालास तसं?"

"व्हय. म्हटलं, ऐतवारी निपाणीला येतो आणि माईकवर सांगतो. त्या दिवशी त्येच ठरवाय गेलतो. गावाकडनं नेलेला मध दिला, च्या पिलो, दुपारच्या रेल्वेला परत निघालो. आप्पा पेटीम्होरं बसून फडक्यानं पत्रा पुसत हुता. त्योच शेवटचा बघिटला. फौजेत गोळीला कवा भ्यालो न्हाय आक्का. पण भावकीला भ्यालो."

नागुबाई एकदम पुढे झुकली.

"पत्रा कुठं ठेवलंता म्हणालास?"

"पेटीवर."

"भितीवर न्हाय? खिळ्याला?"

"कुठला खिळा?" ज्योतिबा गोंधळला. "मी आल्यापास्नं तर पेटीवरच बघतोय. आप्पा दिवाळीच्या आदी सायकलवरनं पडलंता न्हवं. उजवा हात खांद्याच्या वर जात न्हवता त्येचा. वरनं काढणार कसा आन लावणार कसा?"

नागुबाई उठली आणि बाहेर येऊन तिनं रिक्षा थांबवली. कट्ट्यावर बसून रोज गप्पा मारल्या होत्या तिनं. खांदा दुखतो म्हणून आप्पा कुरकुरायचे तेही ऐकलं होतं. पण दिवाळीपासून ती त्या घरात आत म्हणून गेलीच नव्हती.

५

पोलिसांचं कुलूप काढून ती आत शिरली. स्टूल अजून खिळ्याखालीच होतं. ती त्यावर चढली आणि चष्मा लावून तिनं खिळा बघितला.

खिळ्यापासून भिंतीपर्यंत कोळ्यानं जाळं विणलं होतं. जुनं, धुळीनं राखट झालेलं आणि एका जागीही न तुटलेलं. त्या खिळ्यावरून परवा काय, कित्येक आठवड्यांत कुणी काही काढलेलं नव्हतं.

ती खाली उतरली, त्याच स्टुलावर बसली आणि तिनं पारमिताला फोन लावला.

"पत्रा कुठं असायचा गं?"

"पेटीवर. दिवाळीला घासायला मीच खाली काढून दिला, तेव्हापासून. आप्पांचा हात..." पारमिता थांबली. "का? कुठं होता म्हणतात?"

"तू आलीस तवा स्टूल बघिटलंस?"

"नाही. पोलिसांनी खोलीत जाऊच दिलं नाही. आप्पांना मी दवाखान्यातच पाहिलं."

नीलमनंही तेच सांगितलं. छाप काढून पत्रा परत आणला, तो तिनं स्वतःच्या हातांनी पेटीवर ठेवला होता.

नागुबाई अंधारून येईपर्यंत तिथंच बसून राहिली. आता सगळं त्या स्टुलावर येऊन ठेपलं होतं. पत्रा खाली पेटीवर होता, मग स्टूल खिळ्याखाली आलं कसं? चोराला त्याची गरजच नव्हती. म्हणजे ते मुद्दाम ठेवलेलं होतं, कुणी परका वर चढून पत्रा काढून घेऊन गेला असं दिसावं म्हणून. ठेवणाऱ्याला वाटलं होतं की पत्रा आजवर खिळ्यावरच होता आणि आप्पांनी रविवारसाठी तो नुकताच खाली घेतलाय. ज्योतिबाला तसं वाटलं नसतं, नीलमला नसतं, पारमितालाही नसतं. तिघांनी तो पेटीवर पाहिला होता. आणि कुणी अगदी परका असता तर मोकळ्या खिळ्यावर पूर्वी काय लटकत होतं, हे त्याला ठाऊकच नसतं.

म्हणजे खिळा माहीत असलेला आणि पेटी माहीत नसलेला माणूस. ह्या घरात वाढलेला, पण दिवाळीपासून ह्या घरात न आलेला.

'त्यानंतर मी त्या घरात पाय टाकलेला नाही.' हे त्यानं आपल्याच तोंडानं सांगितलं होतं. सुटायला म्हणून सांगितलं होतं आणि त्यातच अडकला होता.

नागुबाईला आनंद झाला नाही.

६

शनिवारी सकाळी ती पारमिताला घेऊनच टिळकवाडीला गेली. फौजदार बाहेर जीपजवळ थांबला.

तिनं आवाज न चढवता सगळं सांगितलं. स्टूल, खिळा, जाळं, पेटी. बुद्धप्रिय ऐकत होता. शेवटी तो हसल्यासारखं करून म्हणाला, "एका कोळ्याच्या जाळ्यावरून तुम्ही मला बापाचा खुनी ठरवता?"

"दादा," पारमिता म्हणाली, "आप्पांचा उजवा हात अधू झाला होता, हे तुला माहीत होतं का?"

तो तिच्याकडे बघतच राहिला.

आतला पडदा बाजूला झाला. करिष्मा टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली आणि तिनं ते टेबलावर ठेवलं. टॉवेलाच्या कडेतून तांबं चमकलं.

"काल गाडीत सापडलं," ती म्हणाली. "स्टेपनीच्या खाली. रात्रभर वाट बघितली बाबा, तुम्ही स्वतः काहीतरी सांगाल म्हणून."

बुद्धप्रिय खुर्चीत मागे टेकला.

"मी फक्त विनवायला गेलो होतो," तो बोलू लागला. "मागच्या बोळानं गेलो, कुणी बघू नये म्हणून. म्हटलं, आप्पा, महिनाभर थांबा. हिचं लग्न होऊ दे, मग काय मिरवायचं ते मिरवा. ते म्हणाले, मी थांबेन रं, पण हा लई वर्षं थांबलाय. मी पत्रा ओढला. त्यांनी सोडला नाही. एकाच हातानं धरून राहिले. दुसरा हात का लावत नाहीत मला कळेना, वाटलं हट्टानं... मी जोरात हिसका दिला."

पारमितानं डोळे मिटून घेतले.

"आणि गुंजीचा माणूस आत बसला तेव्हा?" नागुबाईनं विचारलं. "उद्या तितं घरं पेटली असती, डॉक्टर."



"आजोबा काही बोलले का?" करिष्मानं विचारलं. "पडल्यावर?"

"करिष्मा, आत जा."

"बोलले का?"

तो जमिनीकडे बघत होता. "बुद्धा, मला उठीव, म्हणाले."

"मग?"

"मी दार लोटून घेतलं."

७

ज्योतिबा त्याच दुपारी सुटला. निपाणीचा कार्यक्रम पंधरवडाभर पुढे गेला, पण झाला. ज्योतिबा घाडी माईकसमोर उभा राहिला, भावकीतले चौघे पाय आपटत निघून गेले, तरी बोलला. पारमिता मंचावर एकटीच बसली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जल्लोष काही झाला नाही. कोलकारांच्या पोरानंच बापाला मारलं हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि मान वर करावी की खाली घालावी, हे कुणालाच उमगत नव्हतं.

त्यानंतर एका सकाळी करिष्मा नागुबाईकडे आली. बरोबर सौरव होता. पोरगा साधा, चेहऱ्यावर जागरण.

"ह्याला तुमच्यासमोर विचारायचंय," करिष्मा म्हणाली. "मी ह्याला सगळं सांगितलं. आमचं खरं आडनाव, जात, सगळं. हा नुसता मान हलवत बसला. जणू त्याला काही नवीनच नव्हतं."

सौरव हाताची बोटं मोडत बसला होता.

"मला पहिल्यापासून म्हाईत होतं," तो म्हणाला. "माझी आई खासबागेतली. शाळेत तुझ्या बाबांच्या वर्गात होती. बघायच्या कार्यक्रमातच तिनं त्यांना ओळखलं. घरी आल्यावर म्हणाली, हा कोलकारांचा बुद्धप्रिय. पोरगी चांगली हाय, माणसं चांगली हायत, आपल्याला दुसरं काय करायचंय?"



"तुमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं?" करिष्माचा आवाज फुटला. "मग एकदा तरी बोलायचं होतंस, सौरव. एकदाच. बाबांना नुसतं म्हणायचं होतंस."

"आई नको म्हणाली," सौरव खाली बघून म्हणाला. "त्यांनी स्वतःहून नाव लपवलंय, आपण काढलं तर त्यांना वाईट वाटंल, म्हणाली."